चाळाखालचा बिब्बा

आष्ट्याला सून होऊन आले तेव्हा सासरी माझी पहिली मैत्रीण म्हणजे मामंजींची घोडी. मामंजी म्हणजे माझे सासरे. मालक फौजेत होते. लग्नाची रजा संपली आणि ते गेले, मग बोलायला फारसं कुणी उरलं नाही. घोडी पांढरी, देखणी, आणि तिच्या नाचाचं नाव आसपासच्या गावांत होतं. कोरेगावला माझ्या लग्नात तीच नाचली होती. हलगी कडाडली की पुढचे पाय पार छातीशी उचलायची, पायातले घुंगरांचे चाळ छुमछुमायचे, आणि माझ्या माहेरची माणसं नवरी सोडून तिच्याकडेच बघत राहिली होती.

मामंजींचा तिच्यावर फार जीव. तिला भिजवलेले हरभरे चारल्याशिवाय ते न्याहारीला बसत नसत. उसाच्या फडातून आले की आधी तिची मान खाजवायची, मग पाय धुवायचे. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणायच्या की या घरातली थोरली सून तीच.

जत्रा जवळ आली होती. एका दुपारी हरभऱ्याचं घमेलं घेऊन मी गोठ्यात गेले. घोडीला दोन्हीकडून खांबांना आवळून बांधलं होतं. तिचे चाळ सोडून बाजूला ठेवले होते, आणि मामंजी तिच्या पायाशी उकिडवे बसले होते. शेजारी चिमणी पेटलेली, हातात दाभण, दाभणाच्या टोकाला टोचलेला बिब्बा. बिब्बा तापला की त्यातून काळं तेल सुटतं. ते तेल मामंजी तिच्या खुरांच्या वर, चाळ बांधायच्या जागी लावत होते.

बिब्बा काय करतो हे मला कुणी सांगायला नको होतं. माझ्या आईनं एकदा टाचेच्या भेगेत भरताना चुकून मनगटाला लावून घेतला, तर कोपरापर्यंत हात उतला होता. घास तोंडात घालता येईना तिला. मी वाकून बघितलं. घोडीच्या पायावरचे केस गेलेले, कातडी फुटून लाल झालेली, जागोजागी पाणी सुटलेलं. यावर पितळी घुंगरांचा पट्टा बांधायचा आणि हलगी वाजवायची. माझ्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. ती नाचत नव्हती. तिला पाय टेकवत नव्हते.

घोडी थरथरत होती. मामंजींनी जखमेवर फुंकर घातली आणि आजारी लेकराशी बोलावं तसं हळू म्हणाले, "सोस गं बाई, थोडं सोस."

त्या बोलण्यानं मी जास्त हादरले. शिवी दिली असती, चाबूक मारला असता, तर मला काहीतरी समजलं असतं.

त्या काळी सून सासऱ्यापुढं तोंड उघडत नसे. तरी मी म्हणाले, "आवं मामंजी, तिचे पाय उतल्यात."

ते ओशाळले नाहीत. खत कसं घालायचं ते सांगावं तसं त्यांनी मला समजावून सांगितलं, की सगळी नाचरी घोडी अशीच तयार होतात, मामंजींनाही त्यांच्या वस्तादानं असंच शिकवलं होतं.

"न्हाईतर जनावर पाय कशाला उचलंल?" ते म्हणाले.

"मग उचलू नये तिनं."

त्यांनी बिब्बा पुन्हा चिमणीवर धरला. आत्याबाईंनी मला आत बोलावून बजावलं, की बाप्यांच्या हौसेत बाईनं पडू नये.

दुसऱ्या दिवसापासून मी चिंचेचा पाला उकळून त्या पाण्यानं तिचे पाय धुवायला लागले. वर खोबरेल लावायचे. लपूनछपून नाही, मामंजींच्या देखत. ते बघायचे आणि निघून जायचे. बिब्बा पुन्हा दिसला नाही. जखमांवर खपली धरली. मामंजींना पटलं, असं मी धरून चालले.

जत्रेत आम्ही बायका बैलगाडीत बसून बघत होतो. हलगी सुरू झाली. आमची घोडी पाणी प्यायला निघाल्यासारखी शांत चालत मैदानात आली. सवयीनं एकदा पाय किंचित उचलला आणि उभी राहिली. मामंजींनी लगाम ओढून बघितला. लोक हसायला लागले. म्हातारी झाली म्हणाले. मामंजी तिला धरून चालत घरी आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढच्याच बाजारात त्यांनी तिचा सौदा केला. कर्नाटकातून एक माणूस टेंपो घेऊन आला. मामंजींनी तिला स्वतःच्या हातानं गूळ चारला आणि तिच्या मानेत तोंड खुपसून रडले. एवढा मोठा माणूस असा हुंदके देताना मी पहिल्यांदा बघितला. मला वाटलं, ती आता कुणाच्या शेतावर जात असेल.

"तिथं काय काम तिला?" मी विचारलं.

"नाचाय," डोळे पुसत ते म्हणाले. "दुसरं काय येतंय तिला?"

टेंपो हलला तेव्हा मी तिच्या पायांकडं बघत होते; खपल्या जाऊन तिथं नवे केस यायला लागले होते.

मामंजी पुढं पुष्कळ वर्षं जगले. माझी मुलं त्यांच्या खांद्यावर वाढली, माझ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. त्यांचं शेवटचं दुखणं मी मनापासून काढलं. पाय चेपताना कधी कधी त्या घोडीबद्दल विचारावंसं वाटायचं, पण नक्की काय विचारायचं तेच मला सुचलं नाही.