कमानी मार्केटचे सहा महिने

साइटवरचा राडारोडा ट्रॅक्टरने उचलून नेता येतो. किस्से मात्र तिथेच पडून राहतात आणि काम जितकं रखडेल तितके वाढत जातात. आमचं काम सव्वातीन वर्षं चाललं, म्हणजे माझ्याकडे केवढा माल असेल बघा! मित्र जमले की म्हणतात, "सांग ना तुझ्या मार्केटचं काहीतरी." मी सांगतो, ते हसतात. मला हल्ली तेवढं हसू येत नाही.

गावाचं नाव सांगत नाही. लातूर आणि नांदेडच्या मधे कुठेतरी आहे, एवढं पुरे. तिथे निजामाच्या काळातलं दगडी कापड मार्केट आहे. मधे चौक, चारी बाजूंनी कमानी, कमानींमागे दुकानं. एके काळी लग्नाचा बस्ता बांधायला चार तालुक्यांतली माणसं इथे यायची. मग छत गळायला लागलं, गिऱ्हाईक हायवेवरच्या शोरूमकडे वळलं आणि हळूहळू अख्खी गल्लीच ओस पडली. योजना साधी होती. इमारत होती तशी नीट करायची, जुन्या दुकानदारांनाच परत बसवायचं आणि त्यांच्या जोरावर गल्ली पुन्हा उभी करायची. मी साइट इंजिनिअर. नांदेडजवळ विष्णुपुरीच्या कॉलेजात सिव्हिल शिकलो, तोवर नुसते फ्लॅट बांधले होते. या कामाच्या मात्र मी प्रेमातच पडलो होतो.

पण दुकानं रिकामी कोण करणार? कुणी हलेना. शेवटी मी शिवलिंगअप्पांकडे गेलो. सत्तरी ओलांडलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे, गादीवर मांडी घालून बसलेले. दुकान तिसऱ्या पिढीचं. अप्पा उठले की सगळे उठणार, हे मला माहीत होतं.

"किती दिवस?" अप्पांनी विचारलं.

"सहा महिने, अप्पा."

"शब्द?"

"शब्द!"

दुसऱ्या दिवशी अप्पांनी गादी गुंडाळली. आठवड्यात सगळं मार्केट रिकामं होऊन तात्पुरत्या शेडात गेलं. सहा महिने हा आकडा मला कुणी दिला होता? कुणीच नाही. तोंडाला आला तो बोललो.

* * *

जुन्या दगडी कामाला चुनाच लागतो. आमचे मिस्त्री चाँदभाई, धर्माबादचे. चुन्यात गूळ, बेलफळाचा गर आणि हिरड्याचं पाणी घालून ते महिनाभर मुरवायचे. एकदा मोठे साहेब तपासणीला आले आणि गोदामात गुळाच्या ढेपा बघून थबकले.

"हा गूळ कुणाचा?"

"भिंतीचा, साब," चाँदभाई म्हणाले.

मी चुन्यावर दहा मिनिटं भाषण दिलं. साहेबांनी मान हलवली. आठवड्याने पत्र आलं, "मागील भिंत सिमेंटमध्येच करावी. खाद्यपदार्थांचा वापर टाळावा!" केली. चार महिन्यांत भिंतीला ओल धरली आणि प्लास्टरचे पोपडे सुटले. चाँदभाईंनी एक पोपडा हातात घेतला.

"उपाशी ठेवली ना साब तुम्ही हिला!"

सगळी भिंत फोडून पुन्हा केली. सहा महिने तर तिथेच संपले.

* * *

पूर्वेची कमान पार कलली होती. ती उतरवून परत चढवायची ठरली. अशा कामात प्रत्येक दगडावर नंबर घालतात आणि दगड क्रमाने मांडून ठेवतात. ऑइल पेंट दगडात मुरतो म्हणून नंबर गेरूने घाला, असं मीच सांगितलं. माझी हुशारी!

त्याच आठवड्यात स्वच्छता अभियानाची टीम येणार होती. मी दुपारी जेवून आलो तर चौकात पाण्याचा टँकर उभा. सगळे दगड धुऊन लख्ख केलेले. शिवाय लहान एका बाजूला, मोठे एका बाजूला, असा व्यवस्थित ढीग!

"बघा सर, कसं चकाचक करून टाकलं!" मुकादम अभिमानाने म्हणाला.

चाँदभाई त्या ढिगावर डोक्याला हात लावून बसले होते. शेवटी अप्पांनी घरून एक जुना फ्रेम केलेला फोटो आणून दिला. त्यात त्यांचे वडील त्याच कमानीखाली उभे होते. भिंग लावून, दगड दगड ताडून कमान उभी केली. एक दगड उरला. तो कुठला, हे अजून कळलेलं नाही. चाँदभाई त्या कमानीखालून जात नाहीत.

* * *

मधे एकदा पुण्याहून सल्लागार आले. दुकानदारांना पडद्यावर चित्रं दाखवली. आपलंच मार्केट, पण कॅफे, कुंड्या, गॅलरी, आणि चौकात हसतखेळत फिरणारी ही गर्दी! सगळे बघत राहिले. अप्पांनी हात वर केला.

"माणसं लई दिसून राहिलीत. कुठली हायत?"

"काका, ती कॉम्प्युटरवर टाकलीत," सल्लागार म्हणाले.

"मंग आमच्या शेडात बी टाका की दोन-चार!"

सगळा हॉल हसला. सल्लागारही हसले. अप्पा हसत नव्हते.

* * *

शेड म्हणजे दुकानदारांसाठी बसस्टँडमागे घातलेलं पत्र्याचं तात्पुरतं शेड. पहिलं वर्ष सगळे उकडून निघाले आणि मला शिव्या दिल्या. दुसऱ्या वर्षी फरशा बसल्या, पंखे लागले. तिसऱ्या वर्षी मोर्चा निघाला. मला वाटलं, मार्केट लवकर द्या म्हणून असेल. बघतो तर फलकावर, "शेड कायम करा!"

त्यांचं तरी काय चुकलं? बस तिथे थांबते, गिऱ्हाईक तिथे उतरतं. कुणी कापड सोडून मोबाइलची कव्हरं विकायला लागलं होतं. परत यायचं म्हणणारे एकटे अप्पा. रोज सकाळी शेड उघडायच्या आधी ते मार्केटच्या गेटपाशी यायचे, आपल्या बंद दुकानाला हात जोडायचे आणि मला विचारायचे, "साहेब, कितवा महिना?"

मी मागच्या दाराने साइटवर जायला लागलो. लाज वाटायची. खरंच वाटायची.

* * *

उद्घाटनाची तारीख ठरली. दगडांवरचा जुना रंग आम्ही नुसत्या पाण्याने आणि ब्रशने वर्षभर घासून काढला होता. आतला काळा दगड काय देखणा निघाला म्हणून सांगू! मामेबहिणीच्या लग्नासाठी दोन दिवस नांदेडला गेलो. परत येऊन बघतो तर सगळ्या दगडाला चकचकीत करडा ऑइल पेंट. आणि त्यावर पांढऱ्या रेघा मारून खोटे दगड रंगवलेले!

रंगारी शिडीवरूनच ओरडला, "सर, आता कसं दगडी वाटून राहिलंय!"

पाहुणे येणार म्हणून कुणीतरी वरून फोन केला होता. मी पायरीवर बसलो आणि सगळ्यांदेखत रडलो. चाँदभाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

* * *

उद्घाटन झालं, फीत कापली, फोटो छापून आले. माझी बदली नांदेडला झाली. सहा महिने मी तिकडे फिरकलो नाही. मग एका रविवारी टॉवेल घ्यायचं निमित्त करून गेलो.

चौक झाडून स्वच्छ. एक दुकान सोडलं तर सगळी शटरं खाली. अप्पा गादीवर मांडी घालून बसलेले, मागे कापडाची थानं नीट लावलेली.

"कसं चाललंय, अप्पा?"

"बसून राहिलोय."

"आज कुणी आलं का?"

"तुम्ही आलात की."

इतक्यात गळ्यात कॅमेरे अडकवलेली आठ-दहा माणसं चौकात शिरली. कुठूनतरी मार्केट बघायला आली होती. कमानींचे फोटो काढत काढत ती अप्पांच्या दुकानापाशी आली आणि थांबली. फोटोवर फोटो. अप्पा हलले नाहीत. टोपी घातलेला एक गृहस्थ वाकून म्हणाला,

"आजोबा, रोज बसता का इथे? की फक्त रविवारी?"

"रोज."

"अरे वा! कुणी बसवलंय तुम्हाला?"

अप्पांनी शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या साहेबांनी."

गृहस्थ वळला आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "काय कल्पना आहे सर! अगदी खरे दुकानदार वाटतात हो!"