व्हॉल्व नसलेली गळती

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीने माझ्याशी बोलणं टाकलं. भांडण असं काही झालं नव्हतं. बारावीच्या वर्गात हवामानबदल शिकवला आणि आपला बाप रोज कंपनीच्या बसने सित्राच्या तेल रिफायनरीत काय करायला जातो, हे एकाएकी तिच्या डोक्यात शिरलं. तेव्हापासून मी इथे आखातात, सनद नावाच्या वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं की ती खोलीत जाऊन दार लावून घ्यायची.

मी गॅस टेस्टर. कुठलंही काम सुरू होण्याआधी डिटेक्टर घेऊन गळती आहे का ते बघायचं, मगच परमिटवर सही. उन्हाळ्यात दुपारची बाहेरची कामं बंद असतात, पण सकाळी आठलाच घाम बुटात उतरतो. घरी येऊन कुणाची समजूत काढायची ताकद उरत नाही. मला तिचा रागही यायचा. एसी सोळावर लावून पृथ्वीची काळजी करते, असं मी बायकोला ऐकवायचो. पण जेवताना समोरची खुर्ची रिकामी दिसली की घास गोड लागत नव्हता.

एका शुक्रवारी दुपारी बायकोनेच तिला बाहेर आणलं. शाळेत भाषण होतं आणि सरावाला कुणीतरी ऐकणारं हवं होतं.

"बाबांना म्हणून दाखव. गॅसचं त्यांनाच समजते," बायको म्हणाली.

माझ्याकडे न बघता मुलगी इंग्रजीत सुरू झाली. उत्तरेकडे हजारो वर्षं गोठलेली जमीन आहे. तिच्यात जुनी झाडंझुडपं, मेलेली जनावरं तशीच पडून आहेत. आता ती जमीन वितळतेय, आतलं सगळं कुजतंय आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, मिथेन बाहेर पडतोय. त्याने उष्णता वाढते आणि आणखी जमीन वितळते.

"म्हणजे आपण गावाहून आलो होतो अन् फ्रीज बंद पडून होता, तसं?" मी विचारलं. त्या वेळी मटणाच्या वासाने पडदेसुद्धा धुवावे लागले होते.

तिला हसू फुटलं. "एक्झॅक्टली, बाबा!"

कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी बोलली होती. मी हुरळलो आणि धंद्यातला प्रश्न विचारून बसलो. "मग व्हॉल्व कुठून बंद करतात?" आमच्याकडे गळतीच्या मागे कुठेतरी व्हॉल्व असतोच. तो शोधायचा, बंद करायचा, कुलूप घालून टॅग अडकवायचा. मला दुसरं काही सुचतच नाही.

"देअर इज नो व्हॉल्व, बाबा. सगळी जमीनच आहे." मग म्हणाली, "आपण इथे कमी जाळलं तर तिथलं स्लो होईल. बट इट वोन्ट स्टॉप."

तिने हळू आवाजात विचारलं, "तुमच्याकडे लीक बंद नाही झालं, तर काय करता?"

हे मला झोपेतही सांगता येतं. "सायरन वाजवायचा. हातातलं काम टाकायचं, वारा कुठून येते ते बघायचं अन् सगळ्यांना असेंब्ली पॉइंटच्या सुरक्षित जागी न्यायचं."

"अँड वेअर इज दॅट? आपल्या सगळ्यांचा?"

काहीतरी थाप मारता आली असती, पण इतक्या थकलेल्या माणसाला थापही नीट मारता येत नाही. तिने लॅपटॉप मिटला आणि सोफ्यावर मला अगदी चिकटून बसली. ती घाबरून जवळ आली आहे, हे मला कळत होतं. तरी मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.