कागदावर नसलेलं वाक्य

आमच्या बाईंचे वडील कोर्टात पुकारा करायचे. दारात उभं राहून पक्षकारांची नावं तीन वेळा ओरडायची, एवढंच काम. पण आवाज असा की रस्त्यापलीकडचा माणूस जागच्या जागी थांबायचा. तो आवाज मुलीकडे आला आणि मुलगी वकील झाली. "बाबा नुसती नावं घ्यायचे," बाई म्हणायच्या, "मी पुढचंही बोलते."

मी त्यांचा टायपिस्ट. जिन्याखालच्या खोलीत ऑफिस होतं. एक टेबल, दोन कपाटं, माझं मशीन आणि अशिलासाठी एक खुर्ची. उभं राहायचं तर आधी मान वाकवावी लागे. बाई मला टाइपराव म्हणत. सुरुवातीला राग यायचा, मग खरं नाव कुणी घेतलं की मीच ओ द्यायचा विसरायला लागलो.

लग्न त्यांनी स्वतःच्या मनानं केलं. साहेब तेव्हा साहेब नव्हते. भिंतींवर पत्रकं चिकटवून, खळीचे हात तसेच घेऊन आमच्याकडे चहाला येणारा एक हसरा माणूस होता. माणूस गोड, बोलणं त्याहून गोड. त्यांचं पहिलं भाषण बाईंनी लिहिलं आणि मी टाइप केलं. पुढे कितीतरी वर्षं घर बाईंच्या वकिलीवर चाललं आणि राजकारण बाईंच्या भाषणांवर. साहेब निवडून आले, तशी वकिलांच्या खोलीत जी मंडळी बाईंना बसायला जागा देत नसत, ती उठून उभी राहायला लागली. "बसा हो," बाई म्हणायच्या, "निवडून ते आलेत. माझी अजून मतमोजणी चालू आहे."

बाईंची एक पद्धत होती. अशील निरक्षर असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र त्या स्वतः वाचून दाखवायच्या. बाकीचे वकील हे काम कारकुनावर ढकलतात, आणि कारकून घोडं पळवल्यासारखं वाचून अंगठा उठवून घेतो. बाई वाक्यावाक्याला थांबायच्या. "बरोबर आहे?" अशील "बरोबर आहे" म्हणाला तरच पुढचं वाक्य. त्यामुळे बाईंनी वाचलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं लोक मानत.

काजवालीही मानायची. ती शिवणाच्या कारखान्यात काजं करायची. तिला टाकून गेलेल्या नवऱ्याकडून बाईंनी तिला पोटगी मिळवून दिली होती. तिची मुलगी त्याच कारखान्यात बटणं लावायची. एका दुपारी तिथे आग लागली. पुढच्या दाराशी कापडाचे गठ्ठे पेटले आणि मागच्या दाराला कुलूप होतं. काजवाली अंगणात नळावर गेली होती म्हणून वाचली. मुलगी आत राहिली.

मालकावर दावा लावायचा ठरला. मालक म्हणत होता, मागचं दार उघडंच होतं. काजवाली आमच्या खुर्चीवर बसून सगळं सांगत गेली आणि एका जागी अडखळली.

"त्या दिवशी पुढच्या मैदानात साहेबांची सभा होती ना, बाई. सकाळी साहेब मैदान बघायला आले होते. मालकाला म्हणाले, मागचं दार लावून टाक, सगळ्या पुढून येऊ देत. म्हणजे सुटल्यावर आम्ही मागून घरी पळायला नको, सभेत दिसायला हवं. मी तिथंच होते. तुम्हाला सांगताना जीभ जड झाली बघा. पण मेलेल्या पोरीच्या बाबतीत लपवू कशी?"

मी ते जसंच्या तसं टाइप केलं. चौथ्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य होतं ते. बाई कागद घेऊन घरी गेल्या.

त्याच वेळी त्यांनी केस सोडायला हवी होती. पण सोडली असती तर दुसऱ्या वकिलानं ते वाक्य लिहिलं असतं, आणि निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. घरी त्यांनी साहेबांना विचारलं, हे त्यांनी मला खूप पुढे सांगितलं. साहेब नाही म्हणाले नाहीत. "बोललो असेन गं," म्हणाले, "मला काय माहीत आग लागणार आहे?" आपलेच दात, आपलेच ओठ.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या, "टाइपराव, चौथ्याचं शेवटचं वाक्य काढा. पान नवीन करा."

"बाई, दाराचा सगळा पुरावा त्याच वाक्यात आहे."

"मी मत विचारलंय का?"

इतक्या वर्षांत त्या माझ्याशी असं बोलल्या नव्हत्या. मी पान नवीन केलं.

काजवाली अंगठा द्यायला आली. बाई वाचू लागल्या. चौथा परिच्छेद संपला, पण बाई थांबल्या नाहीत. डोळे कागदावर, आवाज तसाच भरघोस, आणि जे वाक्य मी माझ्या हातांनी काढलं होतं ते त्यांनी जसंच्या तसं वाचलं. "मागचं दार लावून टाक, असं साहेब मालकाला म्हणाले. बरोबर आहे?"

"बरोबर आहे, बाई."

अंगठा उठला. मी मशीनवर बोटं ठेवून बसलो होतो. सगळं कळत असूनही मी मूग गिळून बसलो.

पुढे साक्षीच्या दिवशी मालकाच्या वकिलानं दाराचा प्रश्न काढला. काजवालीनं साहेबांचं वाक्य सांगितलं. वकील हसून म्हणाला, "तुमच्या प्रतिज्ञापत्रात असं काहीच नाही." "आहे," काजवाली म्हणाली, "बाईंनी मला वाचून दाखवलंय." तिनं बाईंकडे पाहिलं. बाई फाइलमध्ये काहीतरी शोधत राहिल्या. त्या फाइलमध्ये शोधण्यासारखं काही नव्हतं, फाइल मीच लावली होती.

बाहेर व्हरांड्यात काजवालीनं विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "टाइप करताना राहून गेलं असेल."

वड्याचं तेल वांग्यावर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई पुढे निघून गेल्यावर मी काजवालीला जिन्यात गाठलं आणि म्हणालो, "मावशी, माझ्याकडून अक्षर राहत नाही. मला जे सांगितलं तेच टाइप झालं." यातला शब्द न् शब्द खरा होता. ती पायऱ्या उतरून गेली. साक्षीदार ऐनवेळी बनाव करते, असं निकालात आलं आणि दावा फेटाळला गेला.

त्यानंतर ते वाक्य ऑफिसात राहायला आलं.

पहिल्यांदा एका दूधवाल्याच्या वेळी झालं. त्याचं शेजाऱ्याशी सामाईक भिंतीवरून भांडण. बाई त्याला वाचून दाखवत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "मागचं दार लावून टाक, असं साहेब मालकाला म्हणाले. बरोबर आहे?"

"बाई," दूधवाला म्हणाला, "आमच्या भिंतीला दारच नाही."

मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत. त्या कागद उलटसुलट करून ते वाक्य शोधत होत्या. मग एका मृत्युपत्रात तसंच झालं, मग एका भाडेकरूच्या अर्जात. त्यांना ते छापलेलं दिसायचं. एकदा माझा हात धरून त्यांनी विचारलं, "टाइपराव, खरं सांगा, हे तुम्ही घालता का?" त्या दिवशी मला त्यांची भीती वाटली. पुढे त्या वाचायचं काम माझ्यावर सोडून भिंतीकडे तोंड करून बसायला लागल्या. साहेब मंत्री झाले त्या वर्षी त्यांनी ऑफिस बंद केलं. लोक म्हणाले, आता कशाला वकिली करतील, मंत्रीणबाई झाल्या.

दाव्याच्या निकालाला नऊ वर्षं झाली, तेव्हा त्यांचा फोन आला. सकाळी त्या सासूबाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवत होत्या. सासूबाईंना दिसत नाही. समोर साहेब चहा घेत होते. बाई हवामानाची बातमी वाचता वाचता ते वाक्य वाचून गेल्या. "असं छापलंय?" सासूबाईंनी विचारलं. साहेब कप ठेवून उठून गेले.

"मला काजवालीकडे जायचंय," बाई फोनवर म्हणाल्या. "सोबत या."

ती एका खोलीत राहत होती. खाट, स्टोव्ह, भिंतीवर मुलीचा फोटो. बाईंनी हातानं लिहिलेला, सही केलेला कागद आणला होता. वाचायचा त्यांना स्वतःचा भरवसा नव्हता, म्हणून तो माझ्या हातात दिला. मी वाचला. साहेब ते बोलले होते. ते वाक्य मी, म्हणजे बाईंनी, काढायला लावलं. टायपिस्टची त्यात चूक नव्हती. नऊ वर्षं मी त्या ओळीची वाट बघत होतो. खोटं कशाला बोलू, ती मी जरा मोठ्यानंच वाचली.

काजवाली उठून फोटोपाशी गेली.

"म्हणजे ते बोलले होते," ती म्हणाली.

"बोलले होते," बाई म्हणाल्या. "हा कागद मी पाहिजे त्या कोर्टात देईन."

"मला वाटायचं, मीच मनचं बोलले." ती फोटोकडे बघत होती. "आधी वाटलं, टाइप करताना राहिलं. पण हे दादा जिन्यात येऊन सांगून गेले, राहिलं नाही म्हणून. मग म्हटलं, एवढा नेमका माणूस, तो कसा चुकेल? म्हणजे मी सांगितलंच नसेल, बाईंनी वाचलंही नसेल. म्हणजे साहेब बोललेच नसतील. नऊ वर्षं मी रोज पोरीपुढे हात जोडते, की बाळा, तुझ्या मरणावर तुझी आई खोटं बोलली."

बाई रडत होत्या. काजवाली त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"तुम्हाला माहीत होतं ना, दादा?"

मी "हो" म्हणालो. बाईंना निदान कबूल करायला यायचं होतं. मी तर नुसता सोबत म्हणून आलो होतो.