कल्याणची ब्राझीलवाली

हल्ली कल्याणात कोणीही उठतो आणि सांगतो की पूर्वी इथे रेल्वेच्या चाळीत एक परदेशी राणी राहत होती, आणि ती पियानोवर बसली की गाड्या थांबायच्या. गाड्या थांबायच्या त्या इंजिनात पाणी भरायला. आणि राणीबिणी कोणी नव्हती, इंजिनात कोळसा घालणाऱ्या फायरमनची बायको होती. तिच्या घरची भांडी मी घासली आहेत. जे आज तिच्या गोष्टी सांगतात त्यांतले निम्मे तेव्हा जन्मले नव्हते, आणि उरलेले तिला पाहून रस्ता बदलायचे.

मी आगरी घरातली मुलगी. बाप ठाण्याच्या मिठागरावर मुकादम होता. पाद्र्यांच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला चोळीचा खण मिळायचा म्हणून त्याने मला शाळेत घातले, आणि खण मिळायचा बंद झाला तेव्हा काढले. तेवढ्या शिक्षणावर हे लिहिते आहे. पुढे डोंबिवलीकडच्या खाडीकाठच्या गावात मला दिले. नवरा मिठागरावर आणि सासू धवलारीण. ठाण्याच्या नव्या वकील मंडळींना धवलारीण म्हणजे काय ते सांगावे लागते. आमच्यात लग्न भट लावत नाही, बाई लावते. नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी राहतात आणि धवलारीण धवले गाते. गाणे संपले की लग्न लागले. ती विधवा असली तरी चालते. माझी सासू विधवाच होती, आणि तिच्यापुढे गावच्या पाटलाचीही बोलायची छाती नव्हती.

लग्नानंतर मी कल्याणला रेल्वेच्या चाळीत कामाला लागले. पहिले घर या मडमचे. मडम म्हणायचे ते सगळ्यांना म्हणायचे म्हणून. रंगाने ती माझ्याहून काळी होती, केस राठ, हात मोठे, पुरुषासारखे. ती ब्राझीलची. ते कुठे आहे हे मला शाळेत शिकवले नव्हते आणि चाळीतल्या गोऱ्यांनाही नीट ठाऊक नव्हते. तिची आई तिकडे एका मळेवाल्याच्या घरी गुलाम होती. त्या घरातला पियानो पुसायचे काम मुलीकडे होते, आणि पुसता पुसता ती वाजवायला शिकली. मळेवाल्याच्या बायकोला त्याची गंमत वाटली. पाहुणे आले की माकड नाचवावे तशी ती हिला वाजवायला बसवायची. नंतर एका नाटकवाल्याने तिला आपल्या मंडळीत घेतले आणि गावोगाव, बंदरोबंदर गायला लावले. ती मंडळी जहाजातून मुंबईला आली आणि इथे आल्यावर मालक बायकामाणसांना टाकून पळाला. असले मालक सगळ्या देशांत असतात. मग तिने एका गोवेकर फायरमनशी लग्न केले, कारण मुंबईत तिची पोर्तुगीज भाषा बोलणारा तिला तोच भेटला. प्रेमाबिमाचे ती काही बोलली नाही आणि मी विचारले नाही.

चाळीच्या टोकाला गोऱ्यांचा क्लब होता. तिथे शनिवारी नाच असायचा आणि मडम पियानो वाजवायची. तिचा डावा हात सरळ चालायचा, पण उजवा कधी त्याच्या आधी पोचायचा, कधी मुद्दाम मागे रेंगाळायचा. वर ती गायची, जाड आवाजात, घशातून. ड्रायव्हर लोकांना ते आवडायचे. त्यांच्या बायका मात्र नाक मुरडायच्या. पायात बूट घट्ट, कमरेला पट्टा घट्ट, आणि ही बाई ठेका हलवते म्हणून आपले पाय चुकतात असे त्यांचे म्हणणे. पाय चुकायचे ते चुकणारच होते. मी खिडकीतून पाहिले आहे. खळ्यात बैल फिरवावेत तसा तो नाच.

मडमला जगात एकच गोष्ट हवी होती. लोकांपुढे बसावे, वाजवावे आणि गावे. नवऱ्याला जेवायला वाढताना ती दुसरीकडेच असायची. शनिवारी क्लबाकडे निघाली की माणसात यायची.

मग नवरा तापाने गेला. दुसऱ्याच आठवड्यात स्टेशनमास्तरीण आपल्या मैत्रिणी घेऊन दारात आली. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. त्या खुर्चीवर रुमाल टाकून बसल्या. विधवेने काळे कपडे घालावेत, वर्षभर नाचाचे वाजवू नये आणि गाऊ तर मुळीच नये, असे त्यांनी तिला गोड आवाजात सांगितले. स्टेशनमास्तरणीची भाची पियानो शिकलेलीच होती, म्हणजे जागा रिकामी राहायची काळजी नव्हती. नवरा मेला की बाईचे तोंड बंद करायचे ही रीत इथल्या उंच जातींचीच असे मला तोवर वाटायचे. गोऱ्यांनी साता समुद्रांपलीकडून येऊन तीच आणली होती, फक्त डोके भादरायचे ठेवले नव्हते.

पाद्र्याला दया आली. त्याने तिला रविवारी चर्चमधल्या बाजावर, म्हणजे पायपेटीवर, बसवले. पण तिच्या ठेक्यावर गुडघे टेकलेल्या लोकांचे खांदे हलायला लागले आणि एक म्हातारा तर हसला. पाद्र्याने तिला पुन्हा बोलावले नाही.

मडम शिवणकाम करून पोट भरू लागली. नवऱ्याने घेऊन दिलेली एक हातपेटी घरात होती, ती उघडून बसायची आणि आवाज न करता नुसत्या पट्ट्या दाबायची. मला त्याचा राग यायचा.

"वाजवायची तर वाजव, नायतर बंद कर," मी म्हटले.

"ऐकायला कोण आहे?" ती म्हणाली. ती गोव्याची कोकणी, हिंदुस्थानी आणि माझ्याकडून उचललेली आगरी यांची खिचडी बोलायची. मी ती सरळ करून लिहिते.

"मी हाय."

"तू भांडी घासतेस. तुला ऐकू येत नाही."

त्याच सुमारास माझ्या दिराच्या मुलीचे लग्न निघाले. मी सुट्टी मागितली तेव्हा मडमने लग्न कोण लावणार म्हणून सहज विचारले. मी सासूचे सांगितले.

"विधवा? आणि गाते? सगळे ऐकतात?"

"ऐकतील नायतर काय. तिनं गायल्याबिगर लगीन लागंल कसं?"

तिने हातातले शिवण खाली ठेवले. मग म्हणाली, "मला घेऊन चल."

मी घेऊन गेले. काळा झगा घातलेली काळी मडम पाहून आमच्या गावाने जे तोंड उघडले ते दुपारपर्यंत मिटले नाही. मी तिला बायकांमध्ये चटईवर बसवले. अंतरपाट धरला, सासूने खाकरून घसा साफ केला आणि सुरू केले. धवलारीण गात असताना मांडवात दुसरे कोणी गात नाही. हे आमच्यात सांगावे लागत नाही, दोन वर्षांच्या पोरालाही कळते. म्हणून मी मडमला सांगितले नव्हते. आणि तिच्या मुलखात एक बाई गाऊ लागली की बाकीच्यांनी गप्प बसणे हा तिचा अपमान, हे तिने मला सांगितले नव्हते.

तिसरे कडवे आले असेल. सासू खालच्या आवाजात गेली आणि माझ्या बाजूने मडमचा आवाज उठला. शब्द नाहीत, नुसता आवाज, आणि तोही सासूच्या आवाजाला चिकटून नाही, तिच्या थोडा वर, वेगळ्याच वाटेने. चार ओळी गेल्या. मी तिच्या मांडीला चिमटा काढला. तिला वाटले मी शाबासकी देते आहे. तिने आवाज वाढवला.

सासू थांबली नाही. तिने डोळे मिटून धवला शेवटपर्यंत नेला, अंतरपाट खाली आला, तांदूळ पडले. मग भांडण सुरू झाले.

नवरदेवाचा मामा पुढे झाला. हा गृहस्थ कल्याणच्या बाजारात भाताची दलाली करायचा आणि म्हणून आपल्याला कायदा कळतो असे समजायचा. "ह्या लग्नाचं काय समजायचं?" तो म्हणाला. "दोघींनी गायलं. लगीन लावलं कोणी? किरिस्तावाच्या बाईनं लावलं असंल तर आमची सून आमच्यात बसंल का?"

दुसरा म्हणाला, "पुन्हा लावा."

"पुन्हा कसं लावता? तांदूळ पडलं."

"मग मोडा."

नवरी रडायला लागली. मुलीचे लग्न मांडवात मोडले तर ती जन्मभर बापाच्या घरी, हे तिलाही ठाऊक होते आणि त्या मामालाही. मडमला काय चालले आहे ते हळूहळू कळले. तिचा चेहरा मातीसारखा झाला. लग्न मोडले तर ते तिच्या गाण्याने मोडणार होते.

सासूने पाणी मागितले. प्यायली. मग मामाला म्हणाली, "तू कान धुऊन आलास का रे?"

"म्हंजे?"

"ती माझ्यासंग गायली असं तू म्हणतंस. मी जिथं होते तिथं ती एकदा तरी होती का? मी ह्या बांधावरून चालले, ती बाजूच्या बांधावरून चालली. माझा एक सूर तिनं घेतला असंल तर दाखव."

मामा पागोटे सारखे करू लागला.

"शब्द नाय, सूर नाय. त्याला धवला म्हणतंस? कोंबडा आरवला मांडवाबाहेर, तर लगीन कोंबड्यानं लावलं काय?"

लोक हसले. हसल्यावर भांडण संपते. मामा जेवायला बसला आणि सगळ्यांत जास्त जेवला.

मडम जेवली नाही. सासूने काय सांगितले ते मी तिला समजावले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी गायलेच नाही?"

"नाय गायलीस. म्हणून पोरीचं लगीन टिकलं."

क्लबातल्या बायकांनी तिला गाऊ नको म्हटले होते. माझ्या सासूने तर तिने गायलेलेच नाही असे ठरवले. ती उठून पडवीत जाऊन बसली. सासू तिच्यामागे गेली, पान लावले, अर्धे तिला दिले, आणि मला म्हणाली, "सांग तिला. धवल्यात पाय घालू नको. हळदीला ये. हळदीला आमच्या बाया कशाबी गातात. तिथं ज्या बांधावरून चालायचं त्या बांधावरून चाल."

पुढच्या लग्नाच्या हळदीला ती पेटी घेऊन आली. बायकांनी गाणे धरले, मडमने पेटी धरली, आणि तिचा उजवा हात नेहमीसारखा वेळेवर पोचेना. आमच्या बायकांचे पाय काही चुकले नाहीत. त्या बूट घालत नाहीत. त्या हंगामात तीन-चार गावांनी तिला बोलावले. बिदागी म्हणजे सुके बोंबील आणि तांदूळ. रेल्वेच्या चाळीत बोंबलाचा वास सुटला आणि मग स्टेशनमास्तरीण पुन्हा आली.

भाचीच्या पियानोवर कोणी नाचत नव्हते. ड्रायव्हर लोक नाच सोडून पत्ते खेळायचे. तेव्हा मडमने परत यावे, वर्ष काही आता फार उरले नाही, लोक समजून घेतील. वाजवायचे मात्र सरळ, आणि खेड्यातल्या लग्नांना जायचे बंद. नवऱ्याच्या नावावरची रेल्वेची खोलीही मग तिच्याकडेच राहील, असे तिने जाता जाता सांगितले.

मडमने विचारले, "आणि गायचं?"

"गायचं नाही. नुसतं वाजवायचं."

"मग नाही."

स्टेशनमास्तरीण गेली. मी मडमला जे बोलायचे ते बोलले. डोक्यावरचे छप्पर जाते आहे, पुढे जन्म पडला आहे, बोंबलावर कोणी म्हातारे होत नाही. मी तिच्या जागी असते तर हो म्हटले असते आणि आजही म्हणेन.

ती म्हणाली, "तुझी सासू म्हणते मी गात नाही. ही म्हणते गाऊ नको. तुझी सासू बरी. ती गाऊ तरी देते."

महिना संपायच्या आत खोली गेली. तिने गावात आमच्या शेजारची पडवी धरली. सामान हलवले त्याच दुपारी खाडीपलीकडे एक हळद होती. पेटी मी डोक्यावर घेतली, कारण तिला डोक्यावर काही नेता यायचे नाही, मान हलायची. होडीत बसल्यावर मी तिला पुन्हा बोलायला सुरुवात केली आणि पलीकडचा काठ येईपर्यंत बोलत होते. ती ऐकत नव्हती. होडीच्या कडेवर बोटांनी काहीतरी वाजवत होती, आणि नावाड्याचे वल्हे सारखे चुकत होते.