दुबईचं आकाश आणि तीन नंबरचा ब्लॉक

“कापायची की ठेवायची? एवढंच सांगा,” शेठ म्हणाले.

ऑफिसमध्ये आम्ही तिघं होतो. शेठ म्हणजे आमच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसचे मालक. मी प्रॉडक्शन बघणारा. आणि केतकी मॅडम, एक्स्पोर्ट बघणाऱ्या. भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद होता, बातम्या चालू होत्या. आखातात क्षेपणास्त्रं उडत होती आणि दुबईची विमानं रद्द झाल्याचं खालच्या पट्टीवर पुन्हा पुन्हा येत होतं. आमच्या तीन नंबरच्या ब्लॉकमधला लाल गुलाब दुबईच्या एका व्यापाऱ्याला जायचा होता. तो तिथल्या मोठ्या हॉटेलांना फुलं पुरवतो. फूल तयार होतं, विमान नव्हतं.

ज्यांनी गुलाब फक्त फुलवाल्याच्या बादलीत पाहिलाय, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. परदेशी जाणारं फूल आम्ही कळी घट्ट मिटलेली असतानाच कापतो. त्याला टाइट बड म्हणतात. अशी कळी कोल्ड रूममध्ये काही दिवस दम धरते आणि पोचल्यावर पाण्यात ठेवली की उमलते. आपल्याकडच्या लग्नाच्या बाजाराला मात्र थोडी सैल कळी लागते, बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटलेली. मंडपात ती लगेच भरून दिसते. अडचण अशी की आज टाइट असलेली कळी उन्हाच्या दिवसांत उद्या सैल होते, मग ती परदेशी जात नाही. आणि टाइट कापलेली कळी पाण्यात वेळ न देता थेट मंडपात लावली तर ती उमलायच्या आधीच मान टाकते. म्हणजे कात्री लावायच्या क्षणीच फूल कुठं जाणार ते ठरतं. नंतर सहसा बदलता येत नाही.

“आकाश दोन-तीन दिवसांत उघडेल,” केतकी मॅडम म्हणाल्या. “मागच्या वेळीही असंच झालं होतं. मी कार्गो एजंटशी बोललेय. टाइट कापून कोल्ड रूममध्ये ठेवू. पहिलं विमान आपल्याला मिळालं पाहिजे.”

“आणि नाही उघडलं तर?” मी म्हणालो. “झाडावरच राहू द्या. सैल झाली की दादरला आणि दिल्लीला पाठवू. लग्नं आहेत.”

शेठनी टीव्हीकडे पाहिलं, मग मॅडमकडे. “मॅडम म्हणतात तसं कर, दत्ता.”

मी ‘हो’ म्हणून बाहेर आलो.

शेठबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. कामशेतच्या शाळेत शिकलो, कृषी महाविद्यालयात गेलो, आणि हातात पदवी असूनही कुणी विचारत नव्हतं तेव्हा शेठनी मला या पवनेच्या रस्त्यावरच्या पॉलिहाऊसवर घेतलं. ते मी विसरणार नाही. पण मॅडम हॉलंडमध्ये शिकून आल्या होत्या. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये त्या जगाची बातमी सांगायच्या. कुठं जहाजं अडकली, कुठं डिझेल महागलं, कुठं निवडणूक आहे. शेठ चहाचा कप हातात धरून ऐकत राहायचे. माझी पाळी आली की मी लाल कोळी ही कीड आणि ठिबकचे तुंबलेले नोझल सांगायचो. तोवर शेठचा चहा पिऊन झालेला असायचा.

त्यात शेठ सोमाटण्याच्या बाजूला नवं युनिट घेणार होते. तिथं हेड म्हणून दोघांपैकी कुणाला पाठवायचं ते ठरायचं होतं. कुणी बोलत नव्हतं, पण मी झोपेतसुद्धा सोमाटण्याला जाऊन येत होतो.

तीन नंबरच्या ब्लॉकमध्ये बायका कापणीला उभ्या होत्या. त्यांच्या पुढं सुलूमावशी. माझ्याच गावच्या. मी पदवी घेऊन आलो तेव्हा आईच्या बरोबरीनं त्यांनीही मला ओवाळलं होतं. कामावर त्या मला सर वगैरे काही म्हणत नाहीत.

“मावशी, टाइट कापा,” मी म्हणालो.

“काल म्हनला सैल हू द्या, आज म्हनतो टाइट कापा. तुजं एक काय ते ठरव बाबा.”

“मॅडमचं ठरलंय.”

“आसं व्हय. मंग ठरलंच.”

मागच्या बायका हसल्या. मावशींनी कात्री चालवायला घेतली, पण लगेच थांबल्या. “दत्ता, ते इमान कवा सुरू व्हायचं रं?”

त्यांचा मुलगा संदीप दुबईला एका हॉटेलच्या किचनमध्ये होता. आधी लोणावळ्यात भुशीच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये होता, तिथून कुणाच्या तरी ओळखीनं गेला. आता तिकडं अडकला होता.

“बघतो मावशी. कळलं की सांगतो,” मी म्हणालो. खरं तर मला काही कळणार नव्हतं. मला जे कळायचं ते मॅडमकडूनच.

हे मावशींनाही समजलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी मी बॉक्सचा स्टॉक विचारायला मॅडमच्या केबिनमध्ये गेलो, तर मावशी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या खुर्चीत मी एवढ्या दिवसांत बसलो नव्हतो. मॅडमनी मोबाइलवर नकाशा उघडला होता. कुठलं विमान कुठं आहे ते दाखवणारा.

“ह्ये पिवळं पिवळं काय गं?”

“ही सगळी विमानं, मावशी.”

“आन् हितं काईच न्हाई?”

“तिथलं आकाश बंद आहे सध्या.”

“आभाळाला बी कुलूप लावत्यात का?” मावशी नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या. “संद्याचा फोन आलता. म्हनतो, हाटेलात चिटपाखरू न्हाई. रिकामी टेबलं पुसून पुसून कट्टाळलो.”

“मग चांगलंय की, आराम आहे त्याला,” मॅडम म्हणाल्या.

“सुखरूप आहे ना, बास झालं,” मी दारातून म्हणालो.

मावशींनी मान हलवली, पण माझ्याकडं बघितलं नाही. त्या नकाशाकडं बघत होत्या. शेठनी मॅडमचं ऐकलं तेव्हा मला राग आला होता. हे त्याहून जास्त लागलं. माझ्या गावची बाई, माझ्यासमोर, दुसरीला विचारते. बॉक्सचा स्टॉक न विचारताच मी परत आलो.

तोपर्यंत कापलेली फुलं कोल्ड रूममध्ये बादल्यांतून रांगेनं उभी होती. अशा साठवलेल्या गुलाबाला करड्या बुरशीची भीती असते. पाकळीच्या कडेला आधी एक बारीक तपकिरी ठिपका येतो. तो वेळेत दिसला तर एक फूल जातं, नाही तर बादली जाते. म्हणून रोज एकेक बंच उचलून उजेडात फिरवून बघायचा. ते माझं काम. त्या आठवड्यात मी ते नेहमीपेक्षा जास्त मन लावून केलं. ठिपका दिसू नये म्हणून नव्हे. दिसावा म्हणून. आणि फुलं माझीच होती, मीच वाढवलेली. एकाही पाकळीला डाग नव्हता, आणि इतकं चांगलं पीक काढल्याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

टीव्हीचंही तेच. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमध्ये बसून मी पट्टी वाचायचो. ‘बोलणी फिसकटली’ आलं की भाकरी गोड लागायची. ‘युद्धबंदीची शक्यता’ आलं की घास फिरायचा. तिकडं घरं पडत होती, पोरंबाळं रस्त्यावर आली होती, ते सगळं चित्रात दिसत होतं. आणि मी त्या चित्राखालच्या ओळीत शोधत होतो की मॅडम खऱ्या ठरतात की मी. जगाच्या बातम्या आपल्याला एवढ्या जवळच्या का वाटतात, याचं मला तेव्हा थोडं उत्तर मिळालं. आपण त्यांत आपलीच भांडणं बघत असतो.

मग एका दुपारी मॅडम ग्रेडिंग हॉलमध्ये जवळजवळ पळतच आल्या. ग्रेडिंग हॉल म्हणजे जिथं फुलं दांड्याच्या लांबीप्रमाणे लावतात आणि त्यांचे बंच बांधतात ती शेड.

“मावशी, उघडलं. विमानं सुरू झाली.”

मावशींनी हातातला बंच टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात पदराला पुसले. मग मॅडमचे दोन्ही हात धरले. मी चार पावलांवर उभा होतो. ही बातमी मला आधी कळली असती तर, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

शेठ आले. “वा मॅडम. बरोबर सांगितलंत तुम्ही.” मग माझ्याकडं वळून, “दत्ता, पॅकिंगला घे.”

पॅकिंग सुरू करायच्या आधी मॅडमनी दुबईच्या व्यापाऱ्याला फोन लावला. शेठनी ऐकावं म्हणून स्पीकरवर टाकला. व्यापारी केरळचा, आमच्याशी हिंदीत बोलायचा.

“मॅडम, फूल मत भेजो.”

“क्यों? फ्लाइट तो चालू हो गया.”

“फ्लाइट चालू है, आदमी किधर है? हॉटल खाली पडा है. शादी सब आगे गया. मैं फूल किसको देगा?”

फोन बंद झाला. मग मॅडम म्हणाल्या, “शेठ, माझं चुकलं. मी आकाशाकडं बघत बसले. गिऱ्हाइकाला विचारलंच नाही.”

एवढंच. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत, एजंटवर ढकललं नाही. मी गेली कित्येक वर्षं शेठसमोर ‘माझं चुकलं’ हे वाक्य म्हणताना आधी हवामान, मग मजूर आणि मग औषधाची कंपनी अशी वाट काढत येतो. त्यांना ते एका दमात जमलं. मला त्याचाही हेवा वाटला.

मी तोंड उघडणार होतो. शेठनी हात वर केला.

“दत्ता, तू काही बोलू नको. सगळ्या मावळानं माल दादरला उतरवलाय. एक्स्पोर्ट ज्याचा ज्याचा अडकला त्यानं हेच केलं. तुझं ऐकलं असतं तरी फूल तिथं पडूनच राहिलं असतं.”

म्हणजे माझं बरोबर असणंही गेलं. शेठ निघून गेले. मॅडम टेबलाच्या कडेला टेकून उभ्या राहिल्या. समोर मावशी दुसऱ्या बायकांना संदीपचं सांगत होत्या.

“हॉटेल रिकामं आहे, हे मावशी सांगत होत्या,” मॅडम म्हणाल्या.

“माझ्यासमोरच सांगितलं,” मी म्हणालो.

त्या दिवशी आमचं प्रथमच एकमत झालं.

टाइट कापलेला गुलाब उमलवता येत नाही असं नाही. सगळा उमलत नाही, इतकंच. दांडा पाण्याखाली धरून पुन्हा तिरका कापायचा, म्हणजे त्यात हवा शिरत नाही. मग कोमट पाण्यात साखर आणि थोडं सायट्रिक ॲसिड घालून उबेला ठेवायचा. मी बादल्या बाहेर काढल्या. मॅडम बाह्या मागं सारून आल्या आणि म्हणाल्या, “मला दाखवा.” मी दाखवलं. फार आनंदानं नाही. त्यांचा हात लवकर बसला, हेही मला फारसं आवडलं नाही.

बरीच फुलं उमलली. ती लोणावळ्याच्या एका रिसॉर्टनं लग्नाच्या सजावटीला घेतली. बाकीच्यांनी मान टाकली. ह्याला बेंट नेक म्हणतात. दांडा ताठ, पान हिरवं, आणि कळी खाली बघते. अशा फुलांची मुंडी पिरगाळून ती खड्ड्यात टाकायची, हा आमच्याकडचा नियम. कारण नुसतं फेकलं तर कुणी उचलून बाजारात विकतं आणि आपल्या मालाचं नाव जातं. म्हणूनच गेटबाहेर एक फूलही जाऊ देत नाहीत. आयुष्यभर गुलाब कापणाऱ्या बायकांच्या घरी गुलाब नसतो.

संदीप यायच्या आदल्या दिवशी मॅडमनी शेठची परवानगी काढली. चांगल्या उमललेल्या फुलांचा मोठा गुच्छ स्वतः बांधला, आणि सगळ्यांसमोर मावशींना दिला. “उद्या विमानतळावर न्या. माझ्याकडून.”

बायका कौतुकानं बघत होत्या. हे मला सुचायला हवं होतं. मावशी माझ्या गावच्या, आणि फुलंही माझी.

मावशींनी गुच्छ हातात घेतला, उलटसुलट बघितला, एका दांड्याचा काटा राहिला होता तो नखानं काढला. आणि परत दिला.

“फुलं नगो बाई. लय बघितली. मला सुट्टी पायजे.” मग माझ्याकडं वळून, “दत्ता, उंद्या येनार न्हाई. परवाबी न्हाई. तेरवाचं बघंन.”

“आता विचारताय की सांगताय, मावशी?”

“तुला काय इचारायचं? तू घरचा.”

मी मान हलवली. मॅडम हातात गुच्छ धरून तशाच उभ्या होत्या. त्या हसल्या, पण तोंड जरा उतरलं होतं. त्या दिवसापुरतं मला बरं वाटलं.

संदीप आला. नोकरी गेली, माणूस आला. मावशींनी तेरवाही दांडी मारली. आता तो लोणावळ्यात त्याच जुन्या रिसॉर्टच्या किचनमध्ये आहे, पण दुबईत त्याचे मित्र आहेत आणि ते त्याच्याशी रोज बोलतात.

सोमाटण्याचं युनिट केतकी मॅडमना मिळालं. शेठ म्हणाले, “चूक लगेच सांगणारा माणूस लांबच्या जागी ठेवता येतो. तू इथं माझ्याजवळ राहा.” मी ते कौतुक म्हणून घेतलं. दुसरं काय म्हणून घेणार?

धडा म्हणाल तर एवढाच, की फूल कापण्याआधी आकाश बघून चालत नाही. पलीकडं ते घ्यायला कुणी बसलंय का, हे तिथल्या माणसाला विचारावं लागतं. मी तो शिकलो. परवा दुबईची नवी ऑर्डर आली तेव्हा टीव्ही न लावता सरळ संदीपला फोन लावला.

“तिकडं हॉटेलं भरलीत का रे? मित्रांना विचारून सांगतोस?”

“भरलीत, दादा,” तो म्हणाला. “विचारून झालंय. मॅडमचा फोन सकाळीच येऊन गेला.”