तासगावकरकाकांचे कान

६ ऑगस्ट १९८८, शनिवार. तळघरात पाणी शिरलं. परवाच्या पावसात पंप बंद पडला आणि खालच्या फळीवरच्या रेकॉर्डी भिजल्या. रेकॉर्डीला पाण्यानं काही होत नाही, पुसली की झालं. कव्हरं मात्र फुगतात. म्हणून दोरी बांधून, कपड्यांचे चिमटे लावून सकाळपासून कव्हरं वाळत घालते आहे. तिसाव्या की एकतिसाव्या कव्हरापाशी हात थांबला. त्यावर दोन म्हातारी माणसं लाकडी बाकावर बसलेली आहेत. त्याच्या डोक्यावर हॅट, तिच्या मांडीवर गिटार. दोघंही अमेरिकन कंट्री संगीतातली जुनी नावं. आयुष्यभर वेगवेगळे गायले आणि उतारवयात पहिल्यांदा एकत्र आले.

या रेकॉर्डीमुळे एका माणसाची नोकरी गेली असं मी आजवर सांगत आले. नोकरी माझ्यामुळे गेली. गुरुवारी त्या माणसाचं मिरजेहून पत्र आलंय आणि त्याला उत्तर द्यायला हवं. त्याआधी तो माणूस कसा होता ते लिहून काढते.

तासगावकरकाका सप्टेंबर लागला की कानटोपी घालायचे. इथले लोक तेव्हा अजून अर्ध्या चड्डीत गवत कापत असतात. कुणी हसलं की म्हणायचे, "हसू देत की. सुतार आपला रंधा पावसात ठेवतो का? माझं हत्यार कान." मिरजेत त्यांचं पेटी दुरुस्तीचं दुकान होतं. तीस वर्षं त्यांनी पेट्यांचे सूर घासून जुळवले. मग मेहुण्यानं इकडे बोलावून घेतलं आणि आमच्या नेपरव्हिलपासून वीस मिनिटांवरच्या रेकॉर्डींच्या कारखान्यात त्यांना काम मिळालं, ऐकण्याचं.

असं काम असतं हे मला त्यांच्यामुळेच कळलं. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात शाळेच्या हॉलमध्ये साउंड ते बघत होते आणि मी मागे मसालेभाताची झाकणं काढत होते. काढता काढता म्हटलं, "डावीकडचा स्पीकर गुणगुणतोय." कार्यक्रम संपल्यावर काका शोधत आले. "मघाशी स्पीकरचं कोण बोललं?" मी म्हटलं मी. "तुमचं तोंड भिंतीकडे होतं की ओ."

"म्हणून काय झालं?"

"काही नाही. नोकरी करणार का?"

महिन्याभरात मी त्यांच्या शेजारच्या खोलीत बसू लागले. दहा बाय सहाची खोली, एक टर्नटेबल, दोन स्पीकर. प्रेसमधून रेकॉर्डी निघायच्या, प्रत्येक ढिगातली एक आमच्याकडे यायची. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. कुठं टक् झालं, चरचर आली, की प्रेसचा नंबर घालून कागदावर लिहायचं. कागद सुपरवायझरच्या ट्रेमध्ये गेला की प्रेस थांबायचं. एकानं पास केलेल्या मालातली एखादी रेकॉर्ड दुसरा पुन्हा ऐकायचा. आम्ही तिघं होतो, काका, मी आणि डोना. डोना तिथलीच, बारा वर्षं त्याच खुर्चीत होती. काकांचा माल दुसऱ्यांदा ऐकायची पाळी कधी तिची, कधी माझी.

काकांना गाण्यातलं इंग्रजी फारसं कळायचं नाही. "बरंच आहे," म्हणायचे. "गाणं ऐकायचंच नसतं आपण. गाण्याच्या मागं काय चाललंय ते ऐकायचं. लग्नात पाहुणे नवरीकडं बघतात, आचारी पत्रावळीकडं बघतो. आपण आचारी." जेवायच्या सुट्टीत ते फक्त दहीभात खायचे. मी एकदा चिवड्याचा डबा उघडला तर त्यांनी खुर्ची उचलून लांब नेली. "चावल्याचा आवाज तासभर कानात राहतो, वसुधाबाई. तुम्ही चिवडा घरी खा. नवऱ्याला ऐकवा."

माझ्या पहिल्याच वर्षी लहान मुलांच्या गाण्यांच्या एका रेकॉर्डीत मी धडधडीत टक्टक् सोडून दिली. दुसऱ्यांदा ऐकायची पाळी तेव्हा काकांकडे होती. त्यांनी काहीच लिहिलं नाही. रेकॉर्ड घेऊन माझ्या खोलीत आले, दार लावलं आणि म्हणाले, "दुसरी बाजू परत एकदा लावून बघता का?" मी लावली, ऐकली आणि माझा कागद मीच दुरुस्त केला. मी थँक्यू म्हणायला गेले तर म्हणाले, "चूक ज्याची, त्याला आधी सांगावी. कागद कुठं पळून जातोय?"

त्यांचं ऐकणं कमी होतंय हे मला पहिल्यांदा गाडीत कळलं. आम्ही एकत्र जायचो, एक आठवडा त्यांची गाडी, एक आठवडा माझी. एकदा वळण घेऊन दोन मैल झाले तरी इंडिकेटर टिकटिक करत होता. मी म्हटलं, "काका, इंडिकेटर."

"चालू आहे काय? असू दे. मागचा सावध राहील."

मी हसले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग लक्षात आलं की खोलीत ते रेकॉर्ड लावायच्या आधी दिव्याखाली तिरकी धरून बराच वेळ बघतात. बरेच दोष डोळ्यांना दिसतात, विशेषतः ज्यानं आयुष्यभर बारीक पट्ट्या घासल्या त्याच्या डोळ्यांना. खालचे आवाज त्यांना नीट ऐकू यायचे. वरचे, बारीक, चिरके आवाज गेले होते. सात-आठ महिने मी पाहत होते. एक-दोन बारीक चुका मी आधी पकडून गुपचूप दुरुस्तही केल्या. पण त्यांच्याशी बोलले नाही. असल्या गोष्टी बोलायला मला जमत नाही, म्हणून नाही बोलले.

१९८४च्या शरदात या दोन म्हाताऱ्यांची रेकॉर्ड आली. नाताळच्या आधीची मोठी ऑर्डर, तीन प्रेस तेवढ्यावरच. पहिल्या दिवशी काका जेवायला आले ते आचाऱ्याचं काम सोडून आल्यासारखे.

"ही दोघं नवरा-बायको नाहीत."

"कशावरून?"

"नवरा-बायको एकमेकांना एवढी जागा देत नाहीत."

"काकूंना सांगू का?"

"सांगा की. ती मला वाक्य पुरं करू देणार नाही, म्हणजे सिद्धच झालं." मग दहीभात कालवत म्हणाले, "त्या माणसाला आता वरचा सूर लागत नाही. तो खालूनच धरतो. ती बाई तिथं मुद्दाम बारीक होते बघा. त्याचं उघडं पडू देत नाही. मोठी गुणी बाई."

आठवड्याभरानं दुसऱ्यांदा ऐकायची पाळी माझी होती. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. वाद्यं थांबतात, बाई एकटी हळू आवाजात गाते, आणि त्या आवाजावर केसाएवढी बारीक चिरचिर होती. पुन्हा लावलं, तिथंच. तिसऱ्यांदा लावलं. प्रेस नंबर चार, पास केल्याची सही तासगावकर. त्या प्रेसचा सकाळपासूनचा माल खोक्यांत भरून दाराशी लागला होता आणि तीनला ट्रक यायचा होता.

काका तेव्हा जेवणाच्या खोलीत होते. माझ्या दारापासून तीस पावलं. मी कागद लिहिला, ट्रेमध्ये टाकला आणि दुसरी रेकॉर्ड लावली.

का, याची उत्तरं मी स्वतःला खूप दिली आहेत. ट्रक यायचा होता. नियमच तसा होता. चूक खरी होती. सगळी उत्तरं बरोबर आहेत. शिवाय आमच्या खोल्यांचं प्रमुखपद लवकरच भरायचं होतं आणि ते काकांकडे जाणार असं सगळे धरून चालले होते. ते पद मला हवंच होतं असं नाही. नको होतं असंही नाही.

ट्रक रिकामा गेला. आमचा सुपरवायझर रॉन वाईट माणूस नव्हता. त्यानं काकांना एकट्याला गाठायचं टाळलं आणि आम्हा तिघांचेही कान तपासायला लावले. डोनाचे आणि माझे ठीक निघाले. काकांचा आलेख अर्ध्यात कड्यावरून पडावा तसा खाली गेला होता. दोन आठवड्यांची मुदत मिळाली.

इथं दहा वर्षं काम भरलं की पासष्टीनंतर सरकारी विमा मिळतो, बायकोलाही मिळतो. काकूंना दमा होता, दर हिवाळ्यात एकदा तरी हॉस्पिटल. काकांची दहा वर्षं भरायला सात महिने उरले होते. कान गेल्याचा कागद हातात असलेल्या एकसष्टीच्या माणसाला पुढे दुसरं काम मिळालं नाही. वर्षभर वाट पाहून दोघं मिरजेला परत गेले.

प्रमुखपद मला मिळालं. त्यानंतर एकदा रॉन, काकांना तो टास म्हणायचा, सहज म्हणाला, "टासनं तपासणीच्या आधी मागितलं असतं, तर मी त्याला डोळ्यांनी बघायच्या टेबलावर बसवलं असतं. तिथं त्याच्यासारखं कोणीच नाही. पण कागदावर आल्यावर डॉक्टर ऐकेना. खाली फोर्कलिफ्ट फिरतात, हॉर्न ऐकू यायला हवा." म्हणजे मी तीस पावलं चालले असते, दार लावून बोलले असते, तर काकांनी त्याच दुपारी जाऊन ते टेबल मागितलं असतं. सात महिने सहज निघाले असते.

मी तो कागद लिहिला हे काकांना माहीत नाही. रॉननं "दुसऱ्या तपासणीत सापडलं" एवढंच सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी त्यांना मी घरी सोडलं. ते कानटोपी मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "डोनाबाईंनी नियमानं केलं. त्यांचं काही चुकलं नाही. पण तुमची पाळी असती तर तुम्ही आधी येऊन सांगितलं असतंत."

मी म्हटलं, "काकूंचं औषध आहे ना घरात? वाटेत घ्यायचं का?"

"आहे," म्हणाले.

दर दिवाळीला त्यांचं पत्र येतं. मिरजेत त्यांनी पुन्हा पेट्या घेतल्या आहेत. सूर पुतण्या लावतो, ते भाता आणि लाकूडकाम बघतात. "कान सांभाळा, चिवडा जपून," असं असतं. आणि शेवटी दरवेळी, "डोनाबाईंना सांगा, माझ्या मनात काही नाही." मी डोनाला कधीच काही सांगितलं नाही. सांगणार काय? जे तिनं केलं नाही त्याची माफी आली आहे म्हणून?

गुरुवारचं पत्र दिवाळीची वाट न पाहता आलं. काका लिहितात, "आता आवराआवर चालू आहे. ज्यांच्या ज्यांच्याशी काही राहिलं असेल ते मिटवतो आहे. डोनाबाईंना माझा निरोप दिलात का आणि त्या काय म्हणाल्या, एवढं कळवा. विचारायला लाज वाटते, पण सुरुवातीला मी त्यांना मनातून फार वाईट बोललो."

पत्र दोन दिवस फ्रिजवर लावून ठेवलं होतं. येता-जाता दिसत होतं. तरी तळघराचं काम आधी काढलं.

७ ऑगस्ट, रविवार. सकाळी नऊला डोनाच्या घरी गेले. ती चर्चला निघायच्या बेतात होती, एका कानात इअररिंग, दुसरं हातात. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कागद, ट्रक, गाडीतलं बोलणं, दरवर्षीचा निरोप. तिनं दुसरं इअररिंग घातलं.

"म्हणजे चार वर्षं मी दोषी आहे?"

"हो."

"आणि मला माफही केलंय?"

"दर दिवाळीला."

"मला न विचारता." ती खुर्चीवर बसली. "मी त्याला निरोपाचा केक करून दिला होता, वासू. त्यानं तो खाल्ला. मी दोषी आहे असं समजून खाल्ला." मग ड्रॉवरमधून कागद आणि पेन काढून माझ्यासमोर ठेवलं. "लिही. इथंच बसून."

"तुझं चर्च?"

"चर्च दर रविवारी असतं."

तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी लिहिलं. काकांना नमस्कार, आणि लगेच पुढच्या ओळीत, "चार नंबरच्या प्रेसचा तो कागद डोनानं नाही, मी लिहिला." पुढे रॉन काय म्हणाला तेही लिहिलं. डोळ्यांनी बघायचं टेबल, सात महिने, काहीच वगळलं नाही. एक पानही झालं नाही. डोनानं पान हातात घेऊन मराठी अक्षरं वरपासून खालपर्यंत पाहिली.

"यात तू खरं लिहिलंयस हे मला कसं कळणार?"

मी तिला एकेक वाक्य इंग्रजीत करून वाचून दाखवलं. सात महिन्यांच्या वाक्याला तिनं "पुन्हा" म्हटलं. मी पुन्हा वाचलं. मग तिनं पत्राची घडी घातली, पाकिटात सरकवून पाकीट चिकटवलं, त्यावर माझ्याकडून पत्ता लिहून घेतला आणि ते आपल्या पर्समध्ये ठेवलं.

"उद्या पोस्टात मी टाकते," म्हणाली. "तुझा भरवसा नाही."