उरलेल्या चार गोळ्या

दवाखान्यात चष्म्यासाठी पर्स चाचपताना हाताला गोळ्यांची स्ट्रिप लागली. सहा संपलेल्या, चार तशाच. गेल्या महिन्यात ह्यांचा ताप उतरला तेव्हा मीच म्हणाले होते, "बरं वाटतंय ना? मग बास झालं औषध. उरलेल्या पुढच्या वेळी होतील."

ताप परत आलाय. ते औषध आता लागू पडत नाही, असं डॉक्टर सकाळी सांगून गेले. हे कॉटवर ग्लानीत आहेत आणि शेजारी स्टुलावर आमची मुक्ता दहावीचं विज्ञान पाठ करतेय. उद्या पेपर आहे.

"आई, नैसर्गिक निवड ऐक. एकाच जातीचे सगळे जीव सारखे नसतात. परिस्थिती बदलली की काही मरतात, काही तगतात. तगलेल्यांचेच गुण पुढच्या पिढीत जातात. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले. स्ट्रिप मी पर्समध्ये खाली सरकवली.

उत्क्रांती म्हणजे माकडाचा माणूस झाला ती लाखो वर्षांची गोष्ट, असंच मी समजत आले. पण जंतूंची म्हणे आपला चहा होईपर्यंत एक पिढी होते. सहा गोळ्यांनी दुबळे मेले असतील. चिवट होते ते मागे राहिले असतील, आणि ह्यांच्या अंगात त्यांना मोकळं रान मी दिलं. सलाईनचा एकेक थेंब पडत होता. मला तो फार सावकाश वाटला.

"आई, उदाहरण कोणतं लिहू गं?"

मी पर्सची चेन घट्ट ओढली.

"पुस्तकातलंच लिही."